बाग ताणावर होती तेव्हा

मंठ्याच्या बाहेर आमच्या कॉलेजच्या कंपाउंडला लागून कॉलेजचीच मोसंबीची बाग आहे. तिचं पाणी नुकतंच तोडलंय. पानं अजून हिरवी आहेत, पण दुपार झाली की ती कडेनं आत वळायला लागतात आणि मला कळतं की डिसेंबर आला. कॅलेंडर बघावं लागत नाही. आता काही आठवडे बागेत कुणी पाण्याचं नाव काढणार नाही. माती हलवून मोकळी ठेवतील, पानं पिवळी पडतील, थोडी गळतील, आणि रस्त्यानं जाणारा एखादा नवखा माणूस गाडी थांबवून विचारेल, "बाग वाळली का हो?"

पहिल्या वर्षी मीही तेच विचारलं होतं. मी धानाच्या मुलखातली, भंडाऱ्याकडची. आमच्याकडे पिकात पाणी उभं असतं. पाणी तोडून झाडाला फुलं आणायची, हे मला पटेचना. वाटलं, इथली माणसं कठोर असावीत. मग खरात सरांनी समजावलं. ते इथं वनस्पतिशास्त्र शिकवतात. म्हणाले, "याला ताण देणं म्हणतात ताई. झाडाला भरपूर मिळत राह्यलं की ते नुसतं वाढतं. पाणी तोडलं की त्याला वाटतं, आता आपलं काही खरं न्हाई. मंग ते फुलाच्या मागं लागतं."

आज सकाळच्या गाडीनं खरात सर आणि ऑफिसातले अल्ताफभाई विद्यापीठात गेले आहेत. तिथं एका समितीची बैठक आहे. अर्ध्यात शाळा सोडलेल्या माणसाला आमच्या फळबागेच्या कोर्सला बसू द्यायचं की नाही, हे आज तिथं ठरणार आहे. माझं नाव कुठल्या कागदावर नाही. पण या कॉलेजात अर्ध्यात शाळा सोडलेली आणि तरी वर्गात बसायला तयार असलेली बाई एकच आहे, आणि ती आत्ता ऑफिसच्या पायरीवर मांडीवर वही घेऊन बसली आहे आणि फोनकडे बघते आहे.

वाट बघण्याची सवय मला आहे. पण आज फोन हातातून खाली ठेवला जात नाही.

माझा नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. महामार्गाचं काम या बाजूला होतं तेव्हा आम्ही इकडे आलो. काम पुढे सरकलं तसा तो कामाबरोबर गेला. महिन्यातून दोनदा येतो. मी राहिले, कारण तोवर मला कॉलेजात कंत्राटी सेविका म्हणून घेतलं होतं. सकाळी बागेतलं काम, दुपारी ऑफिसचं. झाडलोट, पाणी, चहा, घंटा. हे काम अल्ताफभाईंनी लावून दिलं. ते इथले जुने क्लार्क. मूळचे जुन्या जालन्याचे, कापडाच्या दुकानावर वाढलेले, त्यामुळे प्राचार्यांशी बोलतानाही घासाघीस केल्यासारखं बोलतात. आमची खोली त्यांच्याच गल्लीत. सिलिंडर मिळेपर्यंत त्यांच्या घरून भाभी दोन वेळची भाजी पाठवायच्या. परक्या गावात मी एक दिवस उपाशी राहिले नाही.

माझा स्वभाव असा की कुणी चांगलं वागलं की मला आधी भीती वाटते. हे फेडायचं कसं, हा विचार आधी येतो आणि आनंद मागून येतो. कधी कधी येतच नाही.

इथली माणसं भेटली की विचारतात, "काय करून राह्यल्या ताई?" आमची आई फोनवर अगदी तसंच विचारते, "का करून रायली वो?" पहिल्यांदा ऑफिसात ते ऐकलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिले होते. एवढ्या लांब येऊन घरचा एक तुकडा असा अचानक कानावर पडला. अल्ताफभाई म्हणाले, "ताई, चहा देता का वास घ्यायचा नुसता?"

शाळेचं सांगायचं तर आठवीपर्यंत गावातच होती. नववीला तालुक्याला जावं लागायचं. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत आईचा हात मोडला. घरात स्वयंपाकाला कुणी नव्हतं, म्हणून बाबा म्हणाले, थोडे दिवस घरी राहा. कुणी शाळेतून काढलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. आईचा हात बरा झाला. धान कापून झालं. मग कुणाला ते आठवलंच नाही, आणि आठवण करून द्यायची हिंमत मला झाली नाही. लोकांना वाटतं शाळा सुटते म्हणजे काहीतरी मोठं घडतं. माझी तरी एखादी वस्तू कुणाकडे राहून जावी तशी राहून गेली.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपली आणि खरात सरांनी स्टाफरूमच्या भिंतीवर खाकी कागद लावला, पुस्तकांना कव्हर घालतात तो. मी स्टुलावर उभी राहून वरची टोकं धरली, सरांनी चिकटपट्टी लावली. मग त्यांनी अगदी उजव्या टोकाला लिहिलं, "जून, वर्ग सुरू", आणि तिथून ते डावीकडे, उलटे निघाले.

"सर, उलटं काहून लिहून राह्यले?" अल्ताफभाईंनी विचारलं.

"मोसंबी कधी बाजारात न्यायची हे आपण आधी ठरवतो का न्हाई? मंग मागं मोजत पाणी कधी तोडायचं ते काढतो. हे तसंच."

फळबाग व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका कोर्स सुरू करायचा, हे सरांच्या मनात बरीच वर्षं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा भिंतीवर आलं. जूनमध्ये वर्ग भरायचे तर त्याआधी विद्यापीठाचं परवानगीचं पत्र हवं. पत्राच्या आधी विद्या परिषदेची मंजुरी. मंजुरीच्या आधी चौकशी समिती येऊन कॉलेज बघून जाणार. ती येण्याआधी अभ्यास मंडळानं अभ्यासक्रम पास केलेला हवा. आणि या सगळ्यांच्या आधी आपला प्रस्ताव, म्हणजे तो याच आठवड्यात जायला हवा. सरांनी प्रत्येकाला एक चौकोन दिला. चौकोन एकमेकांना चिकटून बसले. मला ते फार छान वाटलं. एवढी मोठी गोष्ट भिंतीवर मावते, हे मला माहीत नव्हतं.

अल्ताफभाई चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. "बराबर आहे. बिलकुल बराबर. फक्त यात माणसं न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांच्या पोरीचं लगीन न्हाई. आचारसंहिता न्हाई. बैठकीला माणसं कमी पडली, असं बी कुठं न्हाई. सर, तुम्ही बागेचं टाइमटेबल लिवलं. झाडं रजेवर जात न्हाईत."

असं म्हणून त्यांनी लाल पेन घेतलं आणि दर दोन चौकोनांच्या मध्ये एक रिकामा चौकोन काढला.

"हे काय?"

"फाईल टेबलावर बसती ना? तिची जागा. तिला बी बसू द्या, न्हाईतर ती रुसती."

मग दोघांची घासाघीस सुरू झाली. सर एक रिकामा चौकोन खोडायचे, भाई दुसरीकडे एक वाढवायचे. शेवटी सरांच्या निळ्या शाईत आणि भाईंच्या लाल शाईत जून कसाबसा जूनमध्येच राहिला.

कागदाच्या तळाशी सरांनी लिहिलं होतं, प्रवेशासाठी पात्रता. बारावी पास. आणि त्याखाली आणखी एक ओळ. किंवा आठवी पास आणि फळबागेत काम केल्याचा अनुभव.

मी स्टुलावरून उतरता उतरता ती वाचली. "हे कुणासाठी सर?"

"माझ्या भावासाठी. दादा केदारखेड्याला असतो, कलमं बांधतो. मी शिकावं म्हणून तो नववीतून बागेत गेला. आता पन्नाशीला आला, तरी म्हणतो, एकदा बाकावर बसायचं राह्यलं." सर पेनाचं टोपण लावत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्यासाठी बी. का, यायचं न्हाई का?"

मी म्हटलं, "चहा आणते."

एवढंच म्हणाले. चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं की सगळे पिऊन बसले होते. तरी सगळ्यांनी परत प्यायला.

त्यानंतर मी रोज सकाळी स्टाफरूम झाडताना त्या कागदासमोर थांबायची. प्रस्ताव गेला. सरांनी त्या चौकोनात बरोबरची खूण केली. अभ्यास मंडळाचा चौकोन उशिरा, पण भाईंच्या लाल चौकोनाच्या आतच भरला. मला त्या कागदाची काळजी लागून राहिली. त्याचा एक कोपरा सुटला तर मी तो चिकटवायची. जणू कागद पडला तर कोर्स पडेल.

आणि मग चौकशी समितीची तारीख आली. डिसेंबर संपता संपता.

खाकी कागदावर सगळं होतं. समितीला काय दाखवायचं, कोणत्या खोल्या, किती पुस्तकं, प्रयोगशाळा, जेवण कुठलं. पण समिती येईल त्या दिवशी बाग कशी दिसेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बागायतदाराच्या घरातल्या माणसाला ते सुचणारच नाही. त्याच्या डोळ्यांना ताणावरची बाग चांगलीच दिसते. पानं जितकी उदास, तितका बहार पक्का. खरात सर रोज संध्याकाळी गळकी पानं बघून खूश होऊन घरी जात होते.

लक्षात आलं ते प्राचार्य लहाने मॅडमच्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि मी पाण्याचे ग्लास ठेवत होते.

"खरात सर, कोर्स कशाचा आहे आपला?"

"फळबागेचा मॅडम."

"आणि पाहुण्यांना ही बाग दाखवायची?"

सर पण खिडकीतून बघायला लागले. मला वाटतं, पाहुण्यांच्या डोळ्यांनी त्यांनी ती बाग तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"पाणी सोडा," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवसांत टवटवी येईल."

"टवटवी येईल मॅडम, फुलं येणार न्हाईत. आत्ता पाणी दिलं तर नुसता पाला फुटतो. बहार गेला म्हणजे वर्ष गेलं."

अल्ताफभाई दारात होते. "जाऊ द्या ना सर एक बहार. कोर्स आला तर अशा दहा बागा होतील. मेहमान येऊन राह्यले आणि आपण घर उघडंबोडकं ठेवायचं?"

"मंग पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवू भाई? समिती आल्ती म्हणून ताण मोडला?"

मी ग्लास ठेवायला नको तितका वेळ लावत होते. माझं मन पूर्ण भाईंच्या बाजूनं होतं. द्या ना पाणी. झाडं दर वर्षी फुलतील. माझ्यासाठी अशी ओळ दर वर्षी कोण लिहिणार आहे? रस्त्याकडच्या ठिबकचा व्हॉल्व्ह कुठं आहे तेही मला माहीत होतं. पण मी ग्लास ठेवले आणि दाराबाहेर येऊन उभी राहिले. सरांनी नाही म्हटल्यावर मी त्यांना मनातल्या मनात सुद्धा फार बोलू शकत नव्हते.

शेवटी मॅडमनी सुस्कारा सोडला. "तुमची बाग, तुमचा कोर्स. पण मला लाज आणू नका."

तोडगा भाईंनी काढला. त्यांनी पत्र्याची जुनी पाटी आणली, पांढरा रंग दिला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "ही बाग ताणावर आहे. मेलेली नाही." सरांनी दुसरं वाक्य खोडायला सांगितलं. भाई म्हणाले, "तेच तर महत्त्वाचं वाक्य आहे." पाटी फाटकापाशी उभी राहिली.

समितीत तिघं जण होते. अध्यक्ष वाणिज्य शाखेचे, अंगानं जाड, आवाजानं मऊ. ते गाडीतून उतरले, पाटी वाचली, आणि मोबाईल काढून तिचा फोटो घेतला. म्हणाले, "अशी एक पाटी आमच्या विद्यापीठातही लावायला पाहिजे." सगळे हसले. मीही हसले.

ते बागेतून फिरले. सरांनी ताण का देतात ते सांगितलं. अध्यक्षांनी एक वळलेलं पान तोडून उलटसुलट बघितलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मोठ्या पदावरच्या माणसांचं हे मला नेहमी अवघड वाटतं. त्यांचा चेहरा आधी बैठकीला जातो आणि मग आपल्याला दिसतो.

आत आल्यावर त्यांनी ती ओळ काढलीच. "आठवी पास? हे जरा... येतील का हो असे विद्यार्थी? एक तरी?"

सर म्हणाले, "एक तर आत्ता तुम्हाला चहा देऊन राह्यल्या."

सगळे माझ्याकडे वळले. असं व्हायला नको होतं. मी ट्रे छातीशी धरला. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "अरे वा. शिकून काय करणार ताई?"

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. नर्सरी टाकेन, गावी जाऊन लोकांना शिकवेन, असं काहीतरी. सर डोळ्यांनी धीर देत होते, मॅडम घड्याळ बघत होत्या. मी म्हटलं, "बसायचंय वर्गात."

"बसून काय करणार?"

"ऐकणार."

त्यांच्या शेजारच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मला आजवर कळलेलं नाही. बाहेर येऊन मी कप धुतले आणि विचार करत राहिले की एवढ्या एका प्रश्नावर सगळं मोडलं असेल, तर ते माझ्यामुळे मोडलं.

जानेवारीत सरांनी बागेला पाणी सोडलं. पुढे एके सकाळी मी ऑफिस उघडायला गेले तर बाहेरच थांबले. वास आला होता. मोसंबीचं फूल बघायला काही विशेष नाही, पांढरं, एवढंसं. पण सगळी बाग एकदम फुलते तेव्हा खिडक्या बंद केल्या तरी वास फाईलींपर्यंत पोचतो. लहाने मॅडमनी त्या दिवसांत एसी लावला नाही. त्यांनी बहाराबद्दल सरांना काही म्हटलं नाही, सरांनीही आठवण करून दिली नाही. भाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, म्हटलं होतं ना आम्ही, मेलेली न्हाई म्हणून."

विद्यापीठाचं उत्तर आलं तेव्हा फुलांची सुपारीएवढी फळं झाली होती. कोर्स मंजूर. शाबासकीचं एक वाक्यही होतं. फक्त आठवी पासवाली ओळ त्यांनी बाजूला काढली होती. ती म्हणे वेगळ्या समितीकडे जाणार, समकक्षता समिती तिचं नाव. कुठलं शिक्षण कशाच्या बरोबरीचं मानायचं हे ती ठरवते.

अल्ताफभाईंनी भिंतीसमोर उभं राहून सरळ मांडलं. "ओळ काढली तर जूनला वर्ग. ओळ ठेवली तर सगळी फाईल त्या समितीकडं. ती कधी बसती, हे तिला बी म्हाईत न्हाई. बारावीची पोरं रोज विचारून जाऊन राह्यली. त्यांनी कुठंबी दुसरीकडं नाव घातलं की खेळ खतम."

दोन-तीन दिवस गेले. मग एकदा बागेतल्या नळाशी मी हात धूत असताना सर आले.

"ताई, काय करू?"

आजवर कुणी मला असं विचारलं नव्हतं. नववीतही नाही, लग्नातही नाही.

मी म्हटलं, "पोरं थांबलीत सर. उघडा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जाऊन राह्यले?"

सर मान हलवून गेले. त्यांनी ओळ काढली, आणि ती वेगळी करून त्या दुसऱ्या समितीकडे पाठवली. मी खोलीवर गेले आणि मला त्यांचा राग आला. त्यांनी विचारायला नको होतं. विचारलं नसतं तर ते त्यांनी केलं असतं. विचारलं म्हणून ते मी केलं. आणि उपकाराखाली असलेल्या माणसाला विचारलं की तो दुसरं काय उत्तर देणार? नंतर वाटलं, नाही, त्यांनी विचारलं हेच खरं. मला हे दोन्ही अजून खरं वाटतं.

जूनमध्ये वर्ग भरला. बाकं मीच पुसली. घंटा मीच दिली. मुलं चांगली होती. तळणीची, परतूरकडची, दोन मुली तर मंठ्याच्याच. मी वर्गाबाहेरच्या माठात पाणी भरायची तेव्हा आतलं ऐकू यायचं. पहिले काही दिवस सर फळ्याजवळ उभे राहून शिकवायचे. मग कधीतरी ते दाराच्या बाजूला येऊन शिकवायला लागले. आवाजही जरा वर गेला. मुलांना वाटलं असेल, सरांना वारा हवा असतो. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. माठ भरायला मला जरा जास्त वेळ लागायला लागला, एवढंच.

ती पहिली बॅच पास होऊन गेली. दुसरी आत्ता आत बसली आहे. मधल्या काळात त्या समितीची मुदत संपली, मग नवी नेमायला वेळ लागला, मग बैठक ठरून रद्द झाली. विद्यापीठातून फोन आला की भाई मला बघून नुसती नाही म्हणून मान हलवायचे. खाकी कागद भिंतीवरून कधीच उतरला, त्या जागी भिंत थोडी उजळ आहे. सरांच्या दादांना मी एकदा भेटले, ते मोसंबीची रोपं द्यायला आले होते तेव्हा. त्यांनी मला विचारलं, "तुम्हीच का त्या, आपल्या वर्गातल्या?" वर्ग अजून नव्हता. पण त्यांनी आपल्या वर्गातल्या म्हटलं, आणि मला एकदम एक वर्गमित्र मिळाला, पांढऱ्या मिशांचा.

इतकं लिहून होईतो दुपार झाली. फोन वाजला.

"ताई, मुबारक हो," अल्ताफभाई म्हणाले. मागे गाड्यांचे भोंगे. "पास झालं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येऊन राह्यलं का? पास झालं. पण जरा बदलून. घ्या, सरांशी बोला."

सरांचा आवाज थकलेला होता, पण हसत होता. "त्यांना आठवी कमी वाटली ताई. म्हणाले, निदान दहावी. मी म्हटलं, दहावी झाली असती तर हे लोक इथं कशाला आले असते? लई वेळ चाललं. शेवटी आठवी आणि दहावीच्या मधे थांबले. दहावीच्या परीक्षेला बसलेला पाहिजे."

"पास?"

"न्हाई. बसलेला. पास का नापास, त्यांनी लिहिलंच न्हाई. मी दोनदा विचारून घेतलं."

मागून भाई ओरडले, "हॉलतिकीट पाहिजे, मार्क नको!"

मी नववी अर्धी केलेली. दहावीच्या जवळपास कधी गेले नव्हते. सर समजावत होते, बाहेरून फॉर्म भरता येतो, या मार्चची मुदत मात्र गेली, पुढच्या मार्चला बसायचं, म्हणजे प्रवेश त्यानंतरच्या जूनला. बोलता बोलता तेच थांबले. आणखी किती लांब गेलं, हे त्यांना फोनवर बोलताना कळलं असावं.

"दादांना सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं. तो म्हणे, नापास व्हायला मी तयार आहे, कवा यायचं?"

मी हसले आणि डोळेही पुसले. ऑफिसात बातमी पसरली. लहाने मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "सुनंदा, नशीब काढलंस. लोकं पास होण्यासाठी मरतात, तुला नापास झालीस तरी ये म्हणतात." सगळे हसत होते, आणि हसण्यात माया होती, हे मला कळत होतं. कुणी म्हणालं, कोरा पेपर देऊन ये. कुणी म्हणालं, नाव लिहिलं तरी बास. मी सगळ्यांना चहा केला. या माणसांनी माझ्यासाठी एवढं केलं, आता आणखी काही मागायची सोय नव्हती.

चहाचे कप गोळा करून मी ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल सर कपाट बंद करत होते. मी दहावीचं गणिताचं पुस्तक आहे का विचारलं.

"कॉलेजात दहावीचं कुठलं? माझ्या भाचीचं आणून देतो," ते म्हणाले. मग थांबले. "पण ताई, तुम्हाला तर नुसतं बसायचंय ना?"

"बसणार तर आहेच सर," मी म्हटलं. "पण मला नापास व्हायचं नाही."